खटका कुणी दाबला?

आमचे हे पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. पंखा तयार झाला, की खोक्यात जाण्याआधी तो शेवटचा ह्यांच्या टेबलावर येतो. हे तो चालू करतात, कान देऊन ऐकतात, पात्यांच्या कडेवरून बोट फिरवतात, आणि काही खोट निघाली तर त्याला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर खोट काय ती एका शब्दात असते आणि ती कुणाच्या हातून झाली ते ठळक अक्षरांत. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच ह्यांचं झालं आहे. घरात काहीही बिघडलं, सांडलं, करपलं की "काय झालं?" असं ह्यांच्या तोंडून येतच नाही. ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुणी केलं?"

दूध उतू जातं तेव्हा मी गॅस बंद करायला धावते आणि हे दारात उभे राहून विचारतात, "इथं कोण उभं होतं?" एकदा घरात उंदीर शिरला, तर मागचं दार उघडं कुणी टाकलं ह्याची चौकशी संपेपर्यंत उंदीर कपाटामागे संसार मांडून मोकळा झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तुला सवय झाली असेल, असं लोक म्हणतात. अजिबात झालेली नाही. माझं डोकं पहिल्या दिवशी फिरलं होतं तितकंच आजही फिरतं.

पण एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही ह्यांना नुसते छळवादी समजाल. हे कामाला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर ह्यांचा एक मित्र होता. दोघे डबा एकत्र खायचे. एकदा बरेचसे पंखे दुकानांतून परत आले, तारेचा जोड सैल म्हणून. जोड कुणी केले होते ते बघायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मोठे साहेब तापले होते, त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि मित्र नेमका समोर उभा होता. त्याची नोकरी गेली. पुढे कळलं, त्या जोडांना त्याने हातही लावला नव्हता. तोवर तो गाव सोडून गेला होता. तेव्हापासून हे म्हणतात, "खरा माणूस सापडला नाही की खोटा माणूस मरतो." ह्यांच्या टेबलावरून आजवर एकही चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या नावाने गेलेली नाही, आणि ह्या एका गोष्टीचा ह्यांना मनापासून अभिमान आहे. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

आता संडासाकडे वळते. आमच्या घरात तो एकच आहे. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा आम्ही खुर्चीसारखं बसायचं भांडं बसवून घेतलं. त्याच्या पाठीशी पाण्याची टाकी आणि टाकीच्या कडेला खटका. खटका दाबला की टाकीच्या तळाचं रबरी झाकण साखळीने वर उचललं जातं, पाणी भांड्यात कोसळतं, झाकण परत बसतं, टाकी भरते आणि पाणी आपोआप थांबतं. थांबायचं, असं म्हणायला हवं. कारण एके दिवशी ते थांबेना. टाकीत सुंऽऽ करत पाणी येत राहिलं आणि भांड्याच्या आतल्या भिंतीवरून एक बारीक धार सतत खाली येत राहिली.

मी घरी पडदे शिवून देते. माझं मशीन बोळात, संडासाच्या दारापासून हाताच्या अंतरावर. त्यामुळे ते सुंऽऽ दिवसभर माझ्या कानात. मशीन चालू असेपर्यंत ठीक, पण दोरा तुटला, मी थांबले, की ते आहेच. चिडून मी आत जायची, खटका वर उचलून जरा हलवायची, की थांबायचं. परत येऊन सुई ओवते न ओवते तोच पुन्हा सुरू.

ह्यांच्याही लक्षात आलं, की खटका हलवला की पाणी थांबतं. आणि तिथेच घात झाला. ह्यांचा हिशोब सरळ होता. नीट दाबल्यावर थांबतं, म्हणजे यंत्र ठीक आहे. यंत्र ठीक आहे, म्हणजे कुणीतरी नीट दाबत नाही. आता फक्त तो कुणीतरी शोधायचा.

ह्या सगळ्यात माझा जीव कशात अडकला होता तेही सांगते. गेल्या वर्षी सासूबाईंना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. ताप इतका चढला की त्या बरळायला लागल्या, मला आपली नणंद समजून हाका मारायला लागल्या. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "औषध एक वेळ चुकलं तरी चालेल, पाणी चुकू देऊ नका. ह्या वयात सारखं जायला लागू नये म्हणून बायका पाणी तोडतात आणि पुन्हा इथंच येतात. पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही." तेव्हापासून सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा जग असतो. भरायचा मी, आणि संपवायचा त्यांनी. आमचं छान चाललं होतं.

तर ह्यांनी सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बोळात उभं केलं. मी, आमची कॉलेजात जाणारी लेक आणि काठी धरून सासूबाई. हे आत भांड्याशेजारी उभे, मास्तर फळ्याशेजारी उभे राहतात तसे.

"खटका असा धरायचा. पूर्ण खाली न्यायचा. मनात थोडं थांबायचं. मग सोडायचा. सोडायचा म्हणजे फेकायचा नाही."

"बाबा, परीक्षा लेखी आहे की तोंडी?" लेक म्हणाली.

"प्रात्यक्षिक," हे म्हणाले. ह्यांना ती चेष्टा कळलीच नाही.

आम्ही दोघी पास झालो. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांच्या हातून खटका अर्ध्यावरून निसटला. "पूर्ण, आई, पूर्ण," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, हे कधीच आवाज चढवत नाहीत. दुसऱ्यांदाही निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जमलं हं." त्या हसत होत्या. मला मात्र ते हसू बघवेना.

पाणी अर्थातच वाहतच राहिलं. मग नवा नियम निघाला. जो जाऊन येईल त्याने बाहेर आल्यावर सांगायचं, म्हणजे कुणाच्या मागे पाणी सुरू झालं ते कळेल. माणसाने संडासातून बाहेर यावं आणि दवंडी पिटावी! लेक सलाम ठोकून ओरडायची, "साहेब, मी जाऊन आले!" मी काही सांगायचीच नाही, त्यामुळे संशयितांत माझा नंबर पहिला. सासूबाई मात्र नियम पाळायच्या. त्यांचा मुलगा सांगतो ना, मग पाळायचा.

एकदा एक गिऱ्हाईक बाई पडद्यांचं माप द्यायला आल्या होत्या. नवऱ्यालाही घेऊन आल्या होत्या. दोघं बोळात उभी, मी कापड उलगडून दाखवतेय, आणि सासूबाई बाहेर आल्या. अनोळखी माणसं बघून थबकल्या. मग हे बसले होते त्या खोलीकडे तोंड करून, मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, मी जाऊन आले रे." ते गृहस्थ छताकडे बघायला लागले. माझ्या हातातली टेप तशीच राहिली. मला इतका संताप आला की मी त्या बाईंचं माप दोनदा चुकीचं घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी जग भरायला गेले तर तो भरलेलाच होता.

"आई, पाणी प्यायला नाहीत?"

"तहान नव्हती गं. हवा गार आहे."

हवा गार नव्हती. दुसऱ्या दिवशी जग पुन्हा तसाच. मी समोर उभी राहून पेला हातात द्यायची, त्या दोन घोट घ्यायच्या आणि "ठेव, मग घेते" म्हणायच्या. ओठ सुकलेले दिसत होते. लघवीला आग होते का विचारलं तर "छे गं" म्हणाल्या, पण माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाल्या. त्या तापाची आठवण काही मेलेली नव्हती.

मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, प्लंबरला बोलवा. आई पाणी प्यायच्या बंद झाल्यात."

"मी तिला पिऊ नको म्हटलं का?"

"म्हटलं नाही. पण गेलं की तुमची हजेरी द्यावी लागते ना."

"हजेरी नाही ती, माहिती आहे." हे शांतपणे पोळलेल्या बोटावर गार पाणी घेत होते. बोट कुणामुळे पोळलं ह्याचा तपास नुकताच संपला होता. "आणि प्लंबर काय करतो? वस्तू बदलतो. दाबणारा हात तोच राहिला तर नवी वस्तूही महिन्याभरात बिघडते. मूळ सापडायला हवं."

"मूळ सापडेपर्यंत आई दवाखान्यात पोचतील."

"तू तिला पाणी पाज. मी माणूस शोधतो," हे म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मी मग ह्यांच्या पाठीमागे प्लंबरला फोन केला. तो आला तो नेमका हे घरात असताना. ह्यांनी त्याला दारातच थांबवलं. म्हणाले, "चौकशी चालू आहे. ती पुरी झाल्याशिवाय टाकी उघडायची नाही, पुरावा जाईल." प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि "चौकशी झाली की कळवा" म्हणून पिशवी उचलून जिना उतरला. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. त्याला तरी काय दोष देऊ? अशा घरात मीही गेले नसते.

मग उगवला तो रविवार. सकाळीच हे माझ्याकडे नीळ मागायला आले. पांढऱ्या कपड्यांची नीळ.

"कशाला?"

"बघशील."

ह्यांच्या कारखान्यात एक पद्धत आहे. पंखा तपासून झाला की स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात. मागाहून कुणी स्क्रूला हात लावला तर ठिपका फुटतो आणि चोरी उघडी पडते. तीच युक्ती ह्यांनी घरात आणली. सगळ्यांना आधी जाऊन यायला लावलं. मग स्वतः खटका अगदी शास्त्रशुद्ध दाबला, टाकी भरू दिली, खटका हलवून पाणी थांबवलं, टाकीचं झाकण काढून आत नीळ ओतली आणि झाकण लावलं. म्हणाले, "मी केस कापून येतो. तोवर कुणाला जायचं असेल तर जा, बंदी नाही. पण मी आल्यावर सांगा. न सांगता कुणी गेलं असेल तर भांडं निळं दिसेल."

हे गेले. लेक मैत्रिणीचा फोन घेऊन गॅलरीत बसली. मला एका मोठ्या पडद्याची किनार हाताने घालायची होती म्हणून मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्यांना टाके घालायला आता जमत नाही, पण कापड धरून बसायला आवडतं. त्यांनी एक टोक मांडीवर धरलं, मी दुसऱ्या टोकाकडून शिवत आले. सासूबाईंनी त्यांच्या मावशीच्या सुनेची एक लांबलचक भानगड सांगितली, मी हं हं केलं. मध्ये एकदा पेला पुढे केला तर म्हणाल्या, "आत्ता नको, तो येऊ दे." आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

हे आले. मानेवर बारीक केस तसेच. चपला काढून सरळ संडासात. आणि मग बाहेर आले ते जिंकल्यासारखे. भांड्यातलं पाणी निळंशार झालं होतं आणि ते सुंऽऽ पुन्हा चालू होतं.

"कोण गेलं होतं?"

"कुणी नाही," लेक गॅलरीतून म्हणाली.

"मी नाही," मी म्हटलं.

"पाणी खोटं बोलत नाही. मी रागावणार नाही. फक्त सांगा."

हे खोलीच्या दारात उभे होते. ह्यांची ही "फक्त सांगा" म्हणायची पद्धत मला ठाऊक आहे. हे तासभर तसेच उभे राहू शकतात. सासूबाईंनी मांडीवरचं कापड नीट केलं. सुरकुती नव्हती तिथली सुरकुती काढली. आणि म्हणाल्या, "मी गेले होते रे. सांगायचं राहिलं. माझ्याच हाताने होतंय ते. बोटं धड नाहीत माझी."

हे सुटकेचा श्वास सोडून म्हणाले, "बघ. एवढंच हवं होतं, आई."

मी सुई कापडात खुपसली. "आई, काय बोलताय तुम्ही? हे गेल्यापासून माझ्यासमोर बसलाय! कधी गेलात?"

"जाऊ दे ना गं," त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "कुणीतरी हो म्हटल्याशिवाय हे संपणार आहे का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी स्वतःच मान पुढे करत होता, आणि फाशी देणारा पोटचा मुलगा. माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला सगळं आठवत नाही. जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. मी ह्यांच्या मनगटाला धरलं, ओढत संडासात नेलं, टाकीचं जड झाकण उचलून ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "खटक्याला हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. नुसतं बघा."

आम्ही बघत राहिलो. टाकीच्या तळाशी ते रबरी झाकण एका बाजूला वाकडं झालं होतं, उन्हात ठेवलेल्या चपलेसारखं. त्याच्या कडेखालून निळं पाणी सावकाश निसटत होतं. भांड्यात भिंतीवरून निळी धार उतरत होती. खटका जागच्या जागी होता. कुणी दाबलेला नव्हता, अर्धवट नाही, पूर्ण नाही, कसाच नाही.

हे झाकण हातात धरूनच टाकीवर वाकले. मग म्हणाले, "पण मग केलं कुणी?"

"कुणी नाही!" मी ओरडले. "रबर म्हातारं झालं. त्याला चिठ्ठी बांधा तुमची. तुमची आई तहानेने वाळत चालली आहे, आणि आज तिने न केलेला गुन्हा कबूल केला. तुमच्या टेबलावर. तुमच्यासमोर."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. कुठे लागेल ते मला माहीत होतं, आणि तिथेच लागलं. ह्यांनी झाकण खाली ठेवलं. मान न पुसताच हे बाहेर पडले आणि नवं रबर घेऊन आले. टाकीखालचा नळ बंद केला, बाही वर करायची विसरून हात कोपरापर्यंत निळ्या पाण्यात घातला, जुनं रबर काढलं, नवं बसवलं. काम कसलं ते, पोरखेळ. नळ उघडला. टाकी भरली आणि थांबली. मी बोळात उभी राहून ऐकलं. काही ऐकू आलं नाही. इतक्या दिवसांनी आपल्याच घरात कुणीतरी बोलायचं थांबलं असं वाटलं.

मला वाटलं, संपलं एकदाचं. निळ्या पडलेल्या बाहीनेच हे सासूबाईंच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"आई, रबर गेलं होतं. तुझी चूक नव्हती."

"असू दे रे. झालं ना नीट?"

"तू हो कशाला म्हणालीस?"

सासूबाईंनी ह्यांच्या मानेवरचे केस पदराने झटकले. ह्यांनी पेला भरून दिला. त्यांनी तो घेतला आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत, आजारी पोर औषध पितं तशी, सगळा संपवला. ह्यांनी पुन्हा भरला. तोही संपवला. मी दारातून बघत होते. आनंद व्हायला हवा होता, पण त्या तहानेने नव्हे, सांगितलं म्हणून पीत होत्या, हे मला दिसत होतं.

थोड्या वेळाने त्या काठी टेकत संडासात गेल्या. आम्ही दोघंही बोळात होतो. मी मशीनवर, हे उगाचच कापडाच्या घड्या घालत. बराच वेळ गेला. आतून काहीच आवाज नाही. पडल्या तर नाहीत ना, म्हणून मी उठले, पण हे माझ्याआधी दाराशी पोचले. दारावर थाप मारणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अरे, दाबू का मी?"

ह्यांचा हात दाराजवळ तसाच राहिला.

"तिथं आहेस ना? दाबू का?"

"दाब, आई," हे म्हणाले. पण इतक्या हळू म्हणाले, की मला शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं. आतपर्यंत ते पोचलं नाही. सासूबाईंनी पुन्हा विचारलं.